डिस्क पुसू का?

आष्टा, रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

रजा संपत आली, तरी डोक्यात मुंबईच्या ऑफिसातला कॉम्प्युटरच. माझ्या प्रोग्राममध्ये, सगळ्या नोंदी असलेली डिस्क रिकामी करण्याआधी, ‘डिस्क पुसू का?’ असं मशीन विचारतं. ऑपरेटरने उत्तर न देता नुसतंच बटण दाबलं तर? साहेब म्हणतात, पुसून टाकू दे, वेळ वाचेल. मला ते पटलं नव्हतं, पण तसं सांगायची भीती वाटली.

संध्याकाळी उसाच्या तुऱ्यांवर ऊन तरंगत होतं. फौजेतून निवृत्त झालेल्या आबांना बांधावर सगळं सांगितलं.

“हुकूम न्हाई आला तर आमी हाय तिथंच थांबायचो,” ते म्हणाले. “पुसलेलं माघारी येतंय व्हय?”

इतकं सोपं होतं. मग मी का घाबरले?

घरी येऊन साहेबांना स्वच्छ लिहिलं, की उत्तर नसेल तर मशीन काहीही पुसणार नाही. आबा पत्र टाकायला निघाले. म्हटलं, राहू द्या, मीच टाकते.