मॅटवर राहिलेले बूट

रविवार, दुपार

चि. गोचडीस,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, गुडघाही बरा आहे. गॅस बंद आहे, आत्ताच बघून आलो. पत्र संपल्यावर पुन्हा बघीन.

काल न सांगता सामने बघायला आलो म्हणून रागावू नकोस. सांगितलं असतं तर "अण्णा, बसला गर्दी असते" म्हणाली असतीस. गर्दी होतीच. शेजारच्या वहिनींनीच ढकललं मला. म्हणाल्या, "जाऊन या एकदाचे. नाहीतर दिवसभर माझ्या दारात येऊन निकाल विचाराल."

मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो होतो, म्हणजे तुला दिसणार नाही. तुझी ती बुटकी मुलगी, जिचा एक कान चुरगळून कोबीच्या गड्ड्यासारखा झालाय, ती शेवटच्या कुस्तीला उतरली तेव्हा मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. समोरचा कोच नरडं फाटेस्तोवर ओरडत होता. तू खुर्चीत बसून, पोर खाली सापडली तरी, एवढंच म्हणत होतीस, "श्वास घे. घाई नाही. श्वास घे."

माझ्या मागचा एक जण म्हणाला, "ही कसली कोच? ओरड की बाई जरा!"

मी मागे वळून म्हटलं, "ती माझी मुलगी आहे."

"मग काका, तुम्ही तरी ओरडा!"

ओरडायला तोंडातून आवाज फुटला पाहिजे ना. तेवढ्यात ती पोर खालून अशी काही सुटली, की वरची खाली आणि खालची वर. मागच्या माणसाने माझ्याच पाठीत थाप घातली. अजून दुखतेय.

आता मुद्द्याचं. तुझा विसरभोळेपणा कधी जाणार? लहानपणी छत्री शाळेत, डबा बसमध्ये. काल तर कमाल केलीस. बक्षीस झालं, मॅटच्या मधोमध बसून बूट काढलेस आणि तशीच अनवाणी निघून गेलीस! लोक उठून टाळ्या वाजवतायत, तुझ्या मुली रडतायत, पण बूट राहिलेत हे एकाच्याही लक्षात येऊ नये? फरशी पुसणारा बादली घेऊन आला तसा मी खाली धावलो. एक बिल्लेवाला ओरडला, "काका, चप्पल! मॅटवर चप्पल नको!" चप्पल काढली, आत गेलो, बूट उचलले आणि पिशवीत घातले. सगळं सभागृह गप्प झालं. म्हाताऱ्याने मुलीची वस्तू उचलली तर एवढं बघण्यासारखं काय असतं, कोण जाणे. बाहेर येईपर्यंत तुमची गाडी निघून गेली होती.

तेव्हा बूट माझ्याकडे आहेत. उद्या काय घालून शिकवशील, या काळजीने जेवण गेलं नाही.

तुमच्या तालमीचे मोठे सर निवृत्त होतायत आणि त्यांची जागा तुला देतायत, ती घेणार की नाही हे या आठवड्यात कॉलेजला सांगायचंय, असं तू म्हणाली होतीस. घरी येऊन माझ्याजवळ राहायचं तुझ्या मनात आहे, हेही म्हणाली होतीस. तुझं तू ठरव. मी मध्ये पडणार नाही. पातेलं जळल्याचं वहिनींनी तुला तिखटमीठ लावून सांगितलं, ते मनावर घेऊ नकोस. वरची खोली मात्र रंगवून घेतली आहे. सहज. रंगारी रिकामा होता.

गार पाणी पिऊ नकोस.

तुझा अण्णा


बुधवार, सकाळ

चि. गोचडीस,

आशीर्वाद. रविवारचं पत्र तुला मिळालं असेल तर त्यातलं बुटांचं फाडून टाक. मी मूर्ख आहे.

काल मोठ्या सरांचा फोन आला. म्हणाले, "अण्णा, बूट तुमच्याकडे आहेत म्हणे. मुली शोधतायत. त्यांना ते तालमीच्या भिंतीवर टांगायचेत."

मी म्हटलं, "टांगायचेत कशाला? पायात घालायची वस्तू ती."

मग त्यांनी मला नीट समजावलं. कुस्ती कायमची सोडणारा माणूस शेवटच्या दिवशी मॅटच्या मधोमध बूट काढून ठेवतो आणि अनवाणी निघून जातो. जगात सगळीकडे हीच रीत. कुणी त्या बुटांना हात लावत नाही. मुली का रडत होत्या ते मला तेव्हा कळलं. सभागृह का गप्प झालं तेही.

"म्हणजे तिने सोडलं?" मी विचारलं.

"जागा नको, असं मला तोंडी म्हणालीय. मी वर कुणाला सांगितलेलं नाही. शुक्रवारपर्यंत गप्प बसेन, त्यापुढे माझ्या हातात नाही."

"माझ्यामुळे?"

"ते तिलाच विचारा."

मी पिशवीतले बूट काढून समोर ठेवले. मग विचारलं, "आणि बूट कुणी उचलून आणले तर?"

ते हसले. "आजवर असा शहाणा कुणी निघाला नाही हो. त्याला नियमच नाही."

"मग ते धरायचं नाही," मी म्हटलं. "ठेवलेच नाहीत असं समजा."

आता पातेल्याचं खरं सांगतो. दूध ठेवलं होतं आणि तुझा फोन आला. त्या बुटकीच्या मानेला लचक भरली होती आणि तिला खेळवायचं की नाही, हे तू मला विचारत होतीस. मला, गादीवाल्याला! मी इतक्या अभिमानाने ऐकत होतो की धूर घरभर झाला तरी मी "हं, हं" करत राहिलो. दिवसातून दहा वेळा गॅस बघणारा माणूस मी, पण तुझा फोन चालू असताना मला घर दिसत नाही. वहिनींनी येऊन खिडक्या उघडल्या, मग तुला कळवलं. मी शेजारीच उभा होतो. "तिला सांगू नका" असं म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

रंगारीही रिकामा नव्हता. दोनदा जाऊन बोलावून आणला.

तेव्हा तू घरी यावंस असं मला वाटत होतं, हे कबूल. पण शनिवारी मी तुला त्या खुर्चीत पाहिलं. दुकानातल्या गाद्यांवर तू गिऱ्हाइकांच्या पोरांच्या पायाला चिकटायचीस आणि सुटता सुटायची नाहीस, म्हणून तुझं हे नाव पडलं. तुझी आई म्हणायची, "हिला आवरा, गादीतला कापूस बाहेर येतोय." मी आवरलं नाही. कॉलेजात गेलीस, जिंकलीस, गुडघा गेला. मग रोज पहाटे औषधाच्या पाण्याने मॅट पुसायचीस, इतर कोचांचे टोमणे ऐकायचीस, आणि ज्या मुलींना कुणी उभं करत नव्हतं त्यांना शिकवायचीस. माझा जीव तेव्हाही टांगणीला होता. पण तू सोड, असं मी कधी म्हटलं नाही. आता एका पातेल्यापायी म्हणू?

आणि इथे येऊन तू करणार काय? मी गॅस बघतो की नाही, ते बघत बसणार?

वरची खोली काल भाड्याने दिली. दवाखान्यात नर्स आहे. खाट घेऊन आलीसुद्धा, आता तिला उठवता येणार नाही. फार दांडगी बाई आहे. आल्या आल्या गॅसचा जुना पाइप बदलायला लावला आणि मला म्हणाली, "आजोबा, शेगडीजवळ फोन घ्यायचा नाही." तूही फोन करताना आधी विचारत जा, शेगडीवर काही आहे का म्हणून.

तुझ्या डाव्या बुटाचा तळ पुढून सुटला होता. तो पाय तू अजून ओढतेस, हे मला शनिवारी वरूनसुद्धा दिसलं. गाद्यांच्या वाकड्या सुईने, दुहेरी दोरा मेण लावून, शिवून काढला आहे. शिवण जाड झाली, दिसायला बरी नाही, पण तुझ्या आयुष्याला पुरेल. उजव्याला काही झालं नव्हतं, तरी शिवला. एकच शिवला असता तर रात्री झोप लागली नसती.

बूट आजच्या बसने मोठ्या सरांकडे पाठवतोय. कंडक्टरला तीनदा बजावलंय, तो वैतागला. सरांना सांगितलंय की शुक्रवारी सकाळी तू आणि मुली तालमीत याल त्याआधी ते मॅटपाशी ठेवायचे. मधोमध नाही. कडेला, जिथे तुम्ही आत जाताना घालता तिथे.

सुट्टीत ये. बाहेरच्या खोलीत गादी घालीन, गाद्यांना आपल्याकडे तोटा नाही. राहायला म्हणून येऊ नकोस, जागा नाही.

श्वास घे. घाई नाही.

तुझा अण्णा