मनीप्लांट कुणाच्याही नावे नाही

मी, शिवकांता भ्रतार गुरुलिंगप्पा हालकुडे, पूर्वी मुलींच्या शाळेत शास्त्राची शिक्षिका, आता पेन्शनर, राहणार किल्ल्यामागची गल्ली, औसा, जिल्हा पूर्वी उस्मानाबाद, हल्ली लातूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलसाहेब म्हणाले की कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. कुणी मला धाक घातलेला नाही, गोड बोलून लिहवून घेतलेलं नाही. गोड बोलणारं माणूस या घरात फारसं येतही नाही. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं म्हणून कुणी कागद पुढं केला तर तो खोटा समजावा, आणि पुढं करणारा बहुधा माझा पुतण्या वैजनाथ असेल.

जिल्ह्याचा खुलासा करते. घराचे सगळे कागद उस्मानाबादचे आहेत. गेल्या पावसाळ्यात लातूर वेगळा जिल्हा झाला, म्हणून वकीलसाहेबांचा कारकून मला उस्मानाबाद खोडायला लावत होता. मी खोडलं नाही. जन्म निजामाच्या राज्यात, नोकरी उस्मानाबाद जिल्ह्यात, मरण लातूर जिल्ह्यात, आणि या सगळ्यात मी तालुकासुद्धा बदललेला नाही. एका झाडाची फांदी कापून दुसऱ्या कुंडीत लावली आहे, एवढंच. धरेल मूळ. फक्त धरलं का म्हणून रोज उपटून बघू नका. शाळेत मुलींना हेच सांगत आले.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, कलमवार लिहा." मला हसू आलं. जन्मभर मी दुसरं केलं काय?

कलम पहिले. राहतं घर, परसासह, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी महादेवी हिला द्यावं. ती मुरुडला असते. तिनं राहावं, विकावं, भाड्यानं द्यावं, तिची मर्जी. घर माझ्या पगारातून बांधलेलं आहे, हालकुड्यांच्या वाटणीतली एक वीटही त्यात नाही, तेव्हा कुणी वारसाहक्काचं गाणं गाऊ नये. मात्र परसाकडचं दार बुजवायचं नाही. का ते कलम पाचव्यात आहे.

कलम दुसरे. पोस्टात जे असेल त्यातून माझी माती करावी. गुरुलिंगप्पांच्या शेजारी जागा आहे. ते हयात असताना आम्ही शेजारी बसून फार बोललो नाही, पण माणूस सरळ होता. उरेल ते शाळेला, भिंगं घेण्यासाठी. माझ्या वेळी सबंध वर्गात एक भिंग होतं आणि मुली त्यातून मुळं बघायच्या सोडून एकमेकींचे दात बघायच्या.

कलम तिसरे. ओसरीवरच्या सगळ्या बाटल्या, डालड्याचे डबे आणि फुटक्या कपबशा, त्यांतल्या कोलियस, क्रोटन, पानओवा यांच्या कलमांसह शाळेला द्याव्यात. लोक मला 'काड्यावाली बाई' म्हणत, म्हणोत. नव्या शास्त्राच्या बाईंसाठी चार गोष्टी लिहून ठेवते.

पाण्यात मूळ लवकर येतं आणि दिसतं, म्हणून मुलींना पाणी आवडतं. पण पाण्यातलं मूळ लाडावलेलं असतं. तिथून उचलून थेट मातीत घातलं की कलम मान टाकतं. तावरजा नदीच्या वाळूत उशीर लागतो, पण येतं ते दणकट. लाकडाच्या भुशाला बुरशी धरते. काळ्या मातीचं मी वाईट बोलणार नाही, आपण तिच्यावरच जेवतो. पण ओली असली की ती कलमाला कुजवते आणि वाळली की भेग पडून मूळ तोडते. सगळ्यांत चांगला भिजवलेल्या विटांचा चुरा. पाणीही धरतो, हवाही सोडतो. कशातही लावा, पण फांदीचं एक पेर आत गेलंच पाहिजे. मूळ पेरातूनच फुटतं.

आणखी एक, पिंजलेला कापूस. ही कल्पना माझी नाही, सुलतानबीची. भिंतीला भिंत लागून तिचं घर होतं. नवरा खाजा पिंजारी, गाद्या भरायचा. सुलतानबी उरलेली रुई घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, यात घालून बघा की. माणूस निवांत झोपतंय, तुमची काडी न्हाई का झोपायची?" कापसात मुळं आली, भरपूर आली, पण कापसात अशी गुंतली की सोडवता येईनात. सोडवायला गेलं की तुटत. प्रयोग फसला असं मी तेव्हा म्हटलं होतं.

संध्याकाळी ती यायचीच. एकेक बाटली उजेडापुढं धरायची, आणि पांढरा ठिपका दिसला की ओरडायची, "आले बघा दात!" जणू तान्ह्या लेकराचे. मला मूल नाही. तिला एकच, सरदार. त्या ओसरीवर आम्ही दोघींनी मिळून किती लेकरांचे दात बघितले, त्याला गणती नाही.

कलम चौथे. पुतण्या वैजनाथ याला दोन वस्तू द्याव्यात: माजघरातला मोठा रांजण, आणि परसदाराचं कुलूप किल्लीसकट. कारण लिहिते. गल्लीला माहीत आहे, पण गल्लीनं ते आपल्या सोयीनं लक्षात ठेवलं आहे.

मनीप्लांटची पहिली फांदी मी लातुरात एका इंजिनिअरच्या बंगल्याच्या कुंपणावरून तोडून आणली होती. सुलतानबीला तो वेल फार आवडला. मी तिला फांदी दिली, वाळली. पुन्हा दिली, पुन्हा वाळली. मी शास्त्र सांगितलं: पाण्यातून काढून तुम्ही थेट काळ्या मातीत लावता, म्हणून. तिनं मान हलवली. "न्हाई बाई. तुमी दिलात म्हणून मेला. ह्यो येल दिलेला लागत न्हाई. चोरून न्यावा लागतो."

सगळीकडे असंच म्हणतात, हे मलाही ठाऊक होतं. मी हसून म्हटलं, "मग चोरा की. कोण नको म्हणतंय?"

"तुमच्यापुढं कशी चोरू? तुमी घरी नसताना येते."

ठरलं. तिच्यासाठी एक फांदी मी बाटलीत वेगळी ठेवली आणि परसदाराला कडी न घालता मुरुडला बहिणीकडे गेले. घर राखायला वैजनाथ होता.

तो बहात्तरच्या दुष्काळाचा उन्हाळा होता. आड आटलेले, टँकरची वाट बघून बायांचे डोळे शिणलेले. लोक सोनं उघडं टाकत, पण रांजणावर झाकण ठेवून त्यावर दगड ठेवत. सुलतानबी ठरल्याप्रमाणे परसदारानं आली, तिनं बाटली उचलली. बाटलीत फांदी होती आणि पाणीही होतं. वैजनाथला फक्त पाणी दिसलं.

"धरा, धरा! पाणी चोरायलीय!" त्यानं गल्ली गोळा केली.

ती म्हणाली, "येल न्यायला आले रे बाबा, पाणी कशाला नेऊ? बाईंनीच सांगितलंय, चोरून ने म्हणून."

यावर गल्ली हसली. चोरायला बाईंनी सांगितलं म्हणे! खरं तेच ती बोलत होती, आणि ते खरं वाटावं असं त्यात काही नव्हतं. मी तिथं असते तर एका वाक्यात मिटलं असतं. मी मुरुडला बहिणीच्या हातचे धपाटे खात होते. याला मी काय करणार होते? काही नाही. पण जीव अजून तुटतो.

मग तिनं माजघरात जाऊन बाटलीतलं पाणी रांजणात ओतलं, थेंबही बाहेर न सांडता. वेल उंबऱ्यावर ठेवला. पदर सारखा केला आणि पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत निघून गेली. ती गेल्यावर वैजनाथनं रांजण बाटला म्हणून अंगणात उपडा केला. बाटलीभर पाण्यासाठी जो चोर चोर म्हणून ओरडला, त्यानं रांजणभर पाणी गटारात घातलं, त्या उन्हाळ्यात. सुलतानबीनं ते आपल्या दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून कुलूप आणून परसदाराला लावलं आणि मी परतल्यावर मला म्हणाला, "काकू, आता काळजी न्हाई."

तर ते कुलूप त्याला, आणि रांजणही त्याला. रांजण त्यानं भरून ठेवावा आणि आल्यागेल्याला त्यातलं पाणी द्यावं. मन मोठं असेल तर जात न विचारता द्यावं. यापलीकडे माझा त्याच्यावर राग उरलेला नाही. थोडा आहे, पण तो मी बरोबर नेते.

कलम पाचवे. मनीप्लांट. उंबऱ्यावर सुकत पडलेली ती फांदी मी परत आल्यावर विटांच्या चुऱ्यात खोचली. आशा नव्हती. पण ती लागली, अशी लागली की आज ओसरीच्या वाशांवर पान दिसतं ते त्याच फांदीचं. शास्त्राची शिक्षिका म्हणून मी म्हणेन, विटांच्या चुऱ्याचा गुण. सुलतानबी इथं असती तर म्हणाली असती, चोरलेला होता म्हणून. म्हणजे वेल तिचाच, आणि एवढी वर्षं मी चोरीचा माल सांभाळत आहे.

त्या पावसाळ्याआधीच ते लोक नांदेडला गेले. दुष्काळात गादी कोण भरून घेतो? सरदारला तिथं गिरणीत काम लागलं. मी निरोप पाठवले. एकदा जाऊन दारही वाजवलं. आतून तिचाच आवाज आला, "बाई, तुमच्यावर राग न्हाई. पर ज्या घरात माझ्या हातचं पाणी ओतून दिलं, त्या घराच्या माणसाला मी कुठल्या हातानं पाणी देऊ?" दार उघडलं नाही. मी बाहेरच्या पायरीवर थोडा वेळ बसले आणि बस धरली. वाईट याचं वाटतं की तिचंही बरोबर होतं.

तर हा वेल मी तिला मृत्युपत्रानं देऊ शकत नाही. दिला तर लागणार नाही. म्हणून तो मी कुणाच्याही नावे करत नाही. त्याची एक फांदी मी आताच बाटलीत लावून परसदाराजवळच्या खिडकीत ठेवली आहे. माझ्यामागे महादेवीनं ती तशीच ठेवावी, आणि एक पावसाळा दाराची कडी काढून ठेवावी. कुणी म्हातारी बाई मागच्या दारानं आत आली तर ओरडू नये. बाटली नाहीशी झाली तर शोध करू नये, तक्रार देऊ नये. पाण्यासकट गेली तरी देऊ नये.

कलम सहावे. साक्षीदार. वकीलसाहेब म्हणाले की ज्याला काही ठेवलं आहे त्यानं साक्ष घालू नये. म्हणजे सुलतानबीला साक्ष घालता येते, कारण तिला मी काहीही ठेवलेलं नाही. कायद्याचा एवढा उपयोग मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला. तिला पत्र टाकलं आहे: साक्षीसाठी माणूस मिळत नाही, तुम्ही या. तिच्या अंगठ्यासाठी खाली जागा सोडली आहे. या कागदातली सर्वांत महत्त्वाची जागा तीच, बाकी घरदार लोक आपोआप वाटून घेतात.

सहीपूर्वीची भर. आज सकाळी नांदेडच्या गाडीनं सरदार आला. एकटाच. माझं पत्र त्याच्या खिशात होतं. म्हणाला, "खाला, अम्मी रमजानातच गेली. पत्र उशिरा आलं तुमचं. पर साक्षीला माणूस न्हाई म्हणलात, म्हणून मी आलो." कलम पाचव्यातली म्हातारी बाई आता येणार नाही. तरी कलम तसंच ठेवावं. कडी काढलेलीच असावी.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालील दोघांच्या समोर मी सही करते आणि ते माझ्यासमोर करतात.

लिहून ठेवणार: शिवकांता भ्र. गुरुलिंगप्पा हालकुडे

साक्षीदार:
१. अमृतराव बिराजदार, निवृत्त मुख्याध्यापक, रा. औसा
२. सरदार वल्द खाजा पिंजारी, रा. नांदेड, मरहूम सुलतानबी यांचा मुलगा. अंगठ्यासाठी सोडलेल्या जागेत सही केली आहे.

स्थळ: औसा, जिल्हा लातूर
दिनांक: ११ मार्च १९८३

ता. क. हे सह्या झाल्यानंतर लिहीत आहे, त्यामुळं कायद्यानं धरलं नाही तरी चालेल. सह्या झाल्यावर सरदार वर वाशांकडे बघत राहिला. म्हणाला, "अम्मी सांगायची या येलाचं." मी विचारलं, "काय सांगायची?" तो म्हणाला, "जाशील तर मागू नको म्हणायची."

मी चहा ठेवायला आत गेले. चहाला एवढा वेळ लागत नाही, पण मी लावला. बाहेर आले तर अमृतराव खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "अहो बाई, इथली बाटली..." मी म्हटलं, "चहा घ्या, निवतोय." सरदार मान खाली घालून बसला होता. त्याच्या मांडीवर पिशवी होती आणि तिच्या कोपऱ्यातून माझ्या ओसरीवर पाणी ठिबकत होतं. फांदीला कालच दात आले होते.

कलम पाचव्यातली वस्तू आज चोरीला गेली आहे. माझी तक्रार नाही.