खांद्याच्या मापाचा कप्पा

ता. ३ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज रविवार. सकाळी दादाच्या कयाकचं मागचं कापड कापलं. काठ्यांचा सांगाडा आणि वर ताणून शिवलेलं कापड, एवढीच ती होडी. तिच्यात सामानाचा कप्पा करतोय. चार दिवसांचं अंथरूण आणि खाणं मावलं, की तळ्याचा पलीकडचा काठ नीट शोधता येईल. लोकांनी शोध थांबवून महिना झाला. होडी तेवढी परत आली आणि दादा नाही, हे मला पटत नाही.

एक चूक झाली. दादा सगळं आपल्या अंगाच्या मापाने करायचा. त्याच्या काठीवर वितेची, कोपराची, खांद्याची अशा खुणा आहेत. कप्प्याचं तोंड कोपराच्या खुणेवर कापायचं होतं, मी खांद्याच्या खुणेवर कापलं. आता त्यातून माणूस आत जाईल. झाकणही तेवढंच मोठं करावं लागलं.

मुलांना पापा.

तुझा धाकटा

ता. ८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

शाळेतही तू फूटपट्टी उलटी धरायचास. याच्या हाती कात्री देऊ नका, असं दादा म्हणायचा. वाचून हसले, मग हसू तिथेच थांबलं. पाण्यावर जाऊ नकोस. एक भाऊ गेला, दुसऱ्याची वाट बघत बसायची ताकद माझ्यात नाही. ह्यांनाही तसंच वाटतं. आणि ते एवढं मोठं तोंड शिवून टाक. का ते मला सांगता येणार नाही.

उलट टपाली होकार कळव.

तुझी ताई

ता. १४ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं ऐकलं नाही. काल सकाळी गेलो. होडी कशी चालते ते आधी बघावं, म्हणून कप्पा रिकामा ठेवला होता. जाताना हलकी होती. पलीकडच्या लव्हाळ्यापाशी वळवली आणि मागची बाजू खाली बसली. वारा नव्हता. झाकण चाचपलं, घट्ट होतं. येताना दोघांचं वजन ओढत आलो. मागे वळून पाहिलं नाही.

काठाला उतरलो तरी मागचं टोक वर येईना. मग झाकण उघडलं. आत काही नव्हतं, कापड कोरडं होतं. होडी सावकाश वर आली, कुणी उतरल्यावर येते तशी.

आता शोधायला जाणार नाही. दादा आला, असं मी समजतो. तू काय समजायचं ते समज, पण माझी काळजी सोड.

माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझा धाकटा

ता. क. घरात तिकीट नाही. पोस्टापर्यंत चालत जातोय.