ढिगावरची राख

१३ नोव्हेंबर १९८३, मुलुंड
झाली बाई एकदाची आपली स्वतःची खोली! इतके दिवस हे मित्राकडे पथारी टाकून होते. आता राजाराणीचा संसार, आणि मला तिसरा महिना लागलेला. खोलीत मोरी आहे, खिडकी आहे, आणि खिडकीतून दिसतो एक राखाडी डोंगर. मागचा कारखाना बंद पडलाय. खाणीतला माल आणून त्यातून शिसं-जस्त काढायचे आणि उरलेला भुगा तिथे टाकायचे. त्यावर गवताचं पातंसुद्धा नाही. असेना, आपल्याला काय तिथे शेती करायचीय!

१६ नोव्हेंबर
गावी चुलीची राख असायची. इथे स्टोव्ह, मग भांडी घासायची कशानं? शेजारची शांताबाई म्हणाली, चल गं प्रेमा, ढिगावर वाट्टेल तेवढी आहे, तीही फुकट. डबा भरून आणला. कारखान्याचा भुगाच तो, पण सगळ्या राखच म्हणतात, मैद्यासारखी मऊ. पितळेचा तांब्या असा झकास निघाला की बघतच राहावं. मला कळकट भांड्यांची भारी किळस. आई मला सोवळीबाईच म्हणायची.

२ डिसेंबर
शांताबाई मीठ-कापूर घालून त्याच राखेची राखुंडी करते. चाळीतल्या सगळ्याच बायका त्यानं दात घासतात. मीही घासून पाहिले. गोडसर लागते.

२० डिसेंबर
नळावर शांताबाईनं जांभई दिली आणि तिच्या हिरड्या दिसल्या. दातांच्या मुळाशी निळीकाळी रेघ, काजळाची काडी फिरवावी तशी. मला शिसारी आली. मग बाकीच्यांकडे चोरून पाहिलं. सगळ्यांनाच आहे. घरी येऊन आरशासमोर ओठ वर केला. माझी अजून फिकट आहे.

९ जानेवारी १९८४
ह्यांनी हौसेनं चिंचा आणल्या, भेळ आणली. नको वाटली. जीव सारखा मोरीतल्या त्या डब्याकडे. आज चिमूटभर तोंडात टाकली. दाताखाली करकरली. शी! आणि मग मूठभर खाल्ली. मातीचे डोहाळे ऐकले होते, पण ही भांडी घासायची राख, खरकट्याशेजारची!

२७ जानेवारी
पोटात पीळ पडतो. हे दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी ओठ उलटा करून पाहिला आणि काय काय खातेस ते खोदून विचारलं; ढिगावरच्या राखेचं सांगावंच लागलं. मग म्हणाल्या, त्या भुग्यात शिसं आहे, ते आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातं, मूल पोटातच मरतं. ह्यांनी आल्या आल्या डबा नाल्यात रिकामा केला. मी शांताबाईला सांगायला धावले. ती म्हणाली, माझीही सगळी पोटातच गेली, पण राखेनं कसं होईल? राख तर स्वच्छ असते, जागाच वाईट आहे ही. मी तिच्याशी कडाकडा भांडले.

१४ फेब्रुवारी
बाळ एकदा हललं होतं. आता हलत नाही.
आज हे कामावर गेल्यावर मोरीच्या कोपऱ्यात बसले. फटीत जुनी राख साचलेली. नखांनी खरवडली — केसांचं गुंतवळ, आंबलेली शितं, शेवाळ, सगळ्यासकट. खाल्ली. मग ओकले. मग पुन्हा — लाज वाटते लिहायला. मला माझ्या तोंडाची घाण वाटते.

३ मार्च
उद्या आई न्यायला येतेय. तांब्या हातातून सुटतो, मनगट लुळं पडतं — अक्षर बघ कसं. बाळ गप्पच. तिकडे गेले की सुटेन. तोवर एक कणही नाही. बाळाची शपथ.

४ मार्च
चाळीतल्या बायका आल्या. गजरे, हिरवी साडी. न विचारताच डोहाळजेवण. म्हणाल्या, डोहाळे अपुरे राहिले तर मुलाची लाळ गळते —
पानात पुऱ्या, भजी, आणि मधोमध वाटीभर राख. वर गुळाचा खडा. शांताबाईनं मायेनं घास पुढे केला. मागचं भांडण मनात ठेवू नकोस म्हणाली. मी दात घट्ट आवळले होते — खरंच आवळले होते —
सगळ्या हसल्या. त्या रेघा —

गेल्या सगळ्या. उरलेली अर्धी वाटी ठेवून गेल्या.
आणि बाळ हललं. इतके दिवस मेल्यासारखं पडलेलं ते — आता लाथा मारतंय — थांबतच नाही —
आई दार वाजवतेय. हाका मारतेय. मी जाणार होते तिच्याबरोबर, पण हे आणखी मागतंय — आधी ह्याला —