मातालाफीची पानं

सवाई बेट, १४ ऑगस्ट

प्रिय आई,

तुला आणि ताईला नमस्कार. ऑकलंडच्या थंडीत तुझा गुडघा कसा आहे? इकडे डुकरीण व्याली, सात पिल्लं झाली. पेसामिनोमामाने स्वयंपाकघराचं छप्पर शाकारून घेतलं. हे सगळं फोनवर सांगून झालंय, ठाऊक आहे. पण पुढचं फोनवर बोलवत नाही. तुझा आवाज आला की माझी जीभ आत वळते.

लोक अजून औषधाला येतात. आईने औषध देणं सोडलं, म्हणून सांगते. "हो, हाताचा गुण गेला म्हणे तिचा," म्हणतात आणि परत फिरतात.

आई, तुझ्या हाताचा गुण गेला नव्हता.

आओलेलेच्या लेकीला, सिनालेईला, ताप चढला, त्या दिवशी तू मला वरच्या रानात पाठवलंस. "मातालाफीची कोवळी पानं आण. ताजा रस पाजायचाय." मी वर गेलेच नाही. चर्चमध्ये गाण्याची तालीम होती आणि पहिल्यांदाच एकटीने ओळ म्हणायची होती. तालीम संपल्यावर पाळकांच्या कुंपणामागे तसल्याच दिसणाऱ्या एका झुडपाची पानं ओरबाडली. तू ती चुरगळलीस, हुंगलीस आणि माझ्याकडे पाहिलंस.

"वरचीच ना गं?"

"वरचीच. पावसाने वास उतरलाय."

स्वतःच्या नाकापेक्षा तू माझ्यावर विश्वास ठेवलास. त्या रसाच्या भरवशावर तीन दिवस गेले. इस्पितळात नेईपर्यंत पोरीचा डावा कान गेला. खऱ्या पानांनी वाचला असता का, कुणी सांगावं? पण आओलेले भर अंगणात तुला वाट्टेल ते बोलली, तू मान खाली घातलीस, आणि मी तुझ्या मागे गप्प उभी होते. महिन्याभरात तू ताईकडे निघून गेलीस. बोटीवर चढतानासुद्धा मला म्हणालीस, "तू जपून राहा."

परवा आओलेलेच दारात आली. सासऱ्याचा पाय सुजलाय. "आईचं राहू दे, तू तरी पानं दे आणून." मी वर गेले. चिखल तुडवत, दोन तास. जुडी तिच्या हातात दिली आणि तिथेच सगळं सांगून टाकलं.

"दोन वर्षं!" ती म्हणाली. "दोन वर्षं मी तुझ्या आईला थोतांडी म्हातारी म्हणत होते, आणि तू माझ्या शेजारी बसून देवाची गाणी म्हणत होतीस?" जुडी तिने माझ्या अंगावर फेकली. मग खाली वाकून एकेक पान वेचलं, सासऱ्यासाठी.

आज पहाटे मामाने घरातली बारीक विणीची चटई काढली. माफी मागायच्या आपल्या रीतीप्रमाणे आम्ही दोघं ती डोक्यावर घेऊन तिच्या दारात बसलो. मामाचा काय गुन्हा? तरी बसला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आओलेले बाहेर आली, तिने आमच्या डोक्यावरची चटई उचलली, म्हणजे माफी दिली.

"मामांकडे बघून उचलली, तुझ्याकडे नाही. जा, आईला लिही."

तुझ्या दारात येऊन बसायचं तर मध्ये समुद्र आहे. म्हणून हा कागद. वाचलास की लगेच "जाऊ दे" म्हणू नकोस, आई. मला थोडं बसू दे.

तुझ्याशी खोटं बोललेली,
तिलोमाई