पांढरी गाडी आली तरी बसू का?

आई, काल मी हरवलो. चोपन्न वर्षांचा घोडा, खिशात फोन, इथली भाषा येते, तरी हरवलो. लेक केंब्रिजला शिकते, तिला भेटायला नॉटिंगहॅमहून निघालो होतो. "ती डायरेक्ट आहे बाबा, चेंज नको करू, बसून राहा," असं तिनेच फोनवर सांगितलं होतं, म्हणून बसून राहिलो. प्रत्यक्षात ईलीला उतरून गाडी बदलायची होती. माझी गाडी भलतीकडेच निघाली, आणि शेवटी मी एका लहानशा स्टेशनावर उतरलो. तिथे एक बंद कॅफे होता, एक ओला बाक होता, आणि परतीच्या गाडीला पाऊण तास होता. त्या बाकावर टेकलो आणि तू आठवलीस, तिकडे जपानमध्ये, नाराच्या स्टेशनमास्तरच्या खोलीतली.

मी ओसाकात नोकरीला होतो, एकटाच. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. "तीन महिने राहून बघ, जमलं तर दरवर्षी येत जा," असं मी सहज म्हटलं होतं, आणि तू ते परीक्षेसारखं मनावर घेतलंस. ओसाकात एक गोल लाइन आहे. गाडी शहराला वळसा घालून निघाल्या जागी परत येते. मी ऑफिसला गेलो की तू स्टेशनावर जायचीस. पहिल्या दिवशी एक स्टेशन जाऊन परत, मग दोन, मग चार. स्टेशनांची नावं वाचता यायची नाहीत, म्हणून ती अक्षरं तू वहीत रांगोळीसारखी उतरवून घ्यायचीस. संध्याकाळी मला बातम्या मिळायच्या. "आज किल्ल्यापर्यंत गेले हो. ते कार्ड टेकवताना जरा घाई केली की मेलं फाटक आडवं येतं. आणि गाडीत सगळे सुतकात बसल्यासारखे गप्प!" बाबा गेल्यानंतर तुला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. खरं तर अर्धंच ऐकत होतो.

त्या सकाळीही तेच. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलोय. तू ताटात पोळी वाढतेस आणि म्हणतेस, "आज अख्खी फेरी मारणार. पण काय रे, त्याच फलाटावर कधी नारिंगी गाडी येते, कधी पांढरी. पांढरी आली तरी बसू का?" मी मान वर न करता सांगतो, "कुठल्याही गाडीत बस गं. सगळ्या फिरून इथेच येतात." येत नाहीत, आई. त्या पांढऱ्या गाड्या अर्धी फेरी मारतात, लाइन सोडतात आणि नाराला जातात. मला हे माहीत होतं, मी स्वतः त्या गाडीने नाराला गेलेलो होतो. फक्त तुझा प्रश्न माझ्या डोक्यापर्यंत पोचलाच नव्हता.

दुपारी नाराच्या स्टेशनातून फोन आला. तुझ्या पर्समधल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता. मीटिंग टाकून तासाभराने पोचलो, तर तू गुडघे जुळवून खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेली. समोर चहा गार झालेला. तू त्या स्टेशनमास्तरला शेंगदाण्याचा लाडू दिला होतास आणि त्याने तो कागद अंथरून टेबलावर जपून ठेवला होता. मला बघून तुझा चेहरा केवढा उजळला. आणि मी त्या परक्या माणसासमोर ओरडलो, "एवढी साधी गोष्ट कळत नाही तुला? लहान आहेस का?" मराठी कळत नसूनही तो भला माणूस खाली बघायला लागला. तू म्हणालीस, "माझंच चुकलं रे. तू सांगितलंस ते मी नीट ऐकलं नसेल." तेव्हा मला सकाळ लख्ख आठवली, ताटातली पोळी, तुझा प्रश्न, माझं उत्तर, सगळं. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "चल आता, गाडी येईल."

उरलेले पाच आठवडे तू स्टेशनाकडे फिरकली नाहीस. वही बॅगेच्या तळाशी गेली. मी घरी आलो की तू बाल्कनीत उभी असायचीस, आणि बातमी काहीच नसायची. पुढे मी इंग्लंडला आलो, तुला बोलावलं, तर म्हणालीस, "नको रे बाबा, मी तिथेही हरवेन." मी फार आग्रह केला नाही. लाज वाटते सांगायला, पण मला हायसं वाटलं होतं. तू गेलीस तेव्हाही मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आणि इथे दिवाळीला चार मराठी घरं जमली की मी 'आमची आई नाराला पोचली' हा किस्सा अजून रंगवून सांगतो. लोक पोट धरून हसतात. लेक तोच किस्सा ऐकत मोठी झाली.

तर काल गाडी चुकल्याचा मेसेज मी तिला टाकला, आणि बाकावर असतानाच तिचा फोन आला. "ओ गॉड बाबा, माझा चूक आहे. मी चेकच नाही केलं, मीच तुला राँग सांगितलं. सॉरी, रिअली सॉरी. तू ईलीला ये, मी तिथे येते तुला घ्यायला." श्वासही न घेता बोलली पोर. मला वीस-बावीस वर्षांत जे जमलं नाही ते तिने गाडीची वेळ सांगावी तसं सांगून टाकलं. मी नुसतं "बरं" म्हणालो, तर तिला वाटलं मी रागावलोय. मला हसवायला म्हणाली, "तू पण ना, सेम आजीसारखा हरवलास!"

आजी हरवली नव्हती, तिने मी सांगितलं तेच केलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मी हसलो, आई. कालही हसलो.

हे पत्र तुला कुठे पाठवू? टेबलाच्या खणात पडून राहील. लेकीच्या हाती लागलं तरी तिला मराठी वाचता येत नाही. म्हणूनच लिहायचं धाडस झालं.