निळी साय

३ जून
पोचलो एकदाचे कंबारा बेटावर! केलेराला सातवा महिना, पण बोटीत ती मजेत आणि ओकलो मी. तिचे इसोआमामा किनाऱ्यावर पोट धरून हसले. सुवा शहरातले जावई लाकूड कोरायला आलेत की समुद्र भरायला, म्हणे. उद्यापासून हाती लाकूड तासायचा वाकस देणार आहेत. बाळ येईपर्यंत हात बसायलाच हवा. आमच्याकडे पोटापाण्याला दुसरं काही नाही.

७ जून
वेसीचं लाकूड म्हणजे शुद्ध लोखंड. बोटं सोलली. पण माझा पहिला तानोआ, यंगोनाच्या मुळांचं पेय कालवायचं भांडं, चारही पायांवर नीट बसला. मामा म्हणाले, चला, भांडं तरी डुलत नाही!

१० जून
मामा रानात गेले होते. म्हटलं, खूश करू. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे केलेराच्या आजोबांचा तानोआ कोपऱ्यातून काढला. आत निळसर पुट चढलं होतं, वाळूनं घासून लख्ख केलं. मामांनी बघितलं आणि मटकन खाली बसले. ती घाण नव्हती रे बाबा, म्हणाले. साठ वर्षं त्यातून यंगोना प्यायलेल्यांची साय होती ती. आजोबा त्यातच होते. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१२ जून
तानोआला बांधलेली कवड्यांची दोरी ज्याच्याकडे तोंड करून ठेवतात, त्यानं आधी प्यायचं. सकाळी आजोबांच्या तानोआची दोरी माझ्या चटईकडे होती. गुंडाळली. दुपारी पुन्हा माझ्याकडेच. करंगळी बधिर झालीय, यंगोनानं जीभ होते तशी. मी तर प्यायलोच नाही. नखाखाली निळं दिसतंय.

१४ जून
उजवा पंजा गेला. वाकस बोटाला लागला, रक्त बघून कळलं. मामांनी मला आजोबांच्या थडग्यापाशी नेलं, यंगोनाची मुळं ठेवून माफी मागायला लावली. दोरी तरीही माझ्याकडे. भीती वाटायला हवी. वाटतच नाही.

१५ जून
आज दोरी माझ्याकडे नव्हती. हुश्श केलं. मग बघितलं — केलेराच्या पोटाकडे. बाळ सकाळपासून हललं नाही, म्हणते.

१६ जून
दोरी माझ्या मनगटाला बांधली. गाठ दातांनी मारली. मामा ओरडले, मरशील गाढवा. आजोबा, चूक माझी — बाळाला सोडा — हात न्या, सगळा मी —

१७ जून
डाव्या हातानं लिहितोय. तोही निळा. केलेरा रडत-हसत आली. लाथ मारली म्हणे, जोरात! माझा हात धरून पोटावर ठेवला. बघ, बघ म्हणतेय. पोट उडतंय, दिसतंय मला. पण हाताला काहीच —